आधी पाणी बाहेर, मग माणसं आत

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

श्रोतेहो, वसंत म्हटला की आंब्याचा मोहोर, कोकिळेचा आवाज आणि फुललेला पांगारा डोळ्यांसमोर येतो. कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर त्याच्या जोडीला आणखी एक चित्र येतं, ते म्हणजे छपरावर बसलेली माणसं. शिमगा सरला की वाडीवाडीतून कौलं चाळण्याचा आवाज यायला लागतो. कुणी गडगा रचत असतं, कुणी विहिरीतला गाळ काढत असतं, कुणी लाकूडफाटा पडवीत भरत असतं. पावसाला अडीच-तीन महिने असतात आणि घराची, वाडीची सगळी डागडुजी तेवढ्यात उरकायची असते. आज मी बोलणार आहे ते याच दिवसांबद्दल. बरीच वर्षं बंद असलेलं घर आणि त्याभोवतीची ओसाड वाडी पुन्हा उभी करायची असेल, तर वसंतातल्या कामांची आखणी कशी करावी, कोणतं काम आधी घ्यावं आणि कोणतं खुशाल मागे ठेवावं, हा आजचा विषय.

आमचं मूळ घर राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत आहे. जांभ्याचं जोतं, मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, मागे परसू आणि बाजूला गोठा. भोवती दीड-दोन एकरांची वाडी. त्यात थोडे माड, हापूसची चार जुनी झाडं, दोन फणस, काही काजू आणि एक विहीर. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाटलं होतं, गाव आता एका रात्रीवर आलं, घर नांदतं राहील. गाव जवळ आलं खरं, पण गावात राहणारी माणसं एकेक करून कमी झाली. २०१६ साली थोरले काका गेले आणि घराला कुलूप लागलं. आम्ही भावंडं मुंबई, पुणे, बडोदा अशी विखुरलेली. घरचा गणपतीसुद्धा ठाण्याला चुलतभावाकडे बसू लागला.

नऊ पावसाळे घर बंद राहिलं. २०२५ च्या फेब्रुवारीत मी ते नीट पाहिलं तेव्हा पडवीची एक बाजू खचली होती, गोठ्याचं अर्धं छप्पर खाली आलं होतं, खळ्यात रानमोडी माणसाच्या उंचीची वाढली होती आणि माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओल उतरल्याचा काळा पट्टा होता. ही भिंत तुळयांचं वजन घेते. ती बसली तर घर बसलं, हे सांगायला कुणा जाणकाराची गरज नव्हती.

त्याच सुमाराला जागेला गिऱ्हाईक आलं. त्याला घर नको होतं, रस्त्यालगतची जमीन हवी होती. सातबाऱ्यावर आमची अकरा नावं. अकराजणांचं फोनवर बोलणं झालं. कुणाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते, कुणाला आजारपणाचा खर्च होता. कुणाचंच म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी ठाण्याच्या दादाने तोड काढली. तो म्हणाला, "तू निवृत्त आहेस, तुला वेळ आहे. एवढा एक पावसाळा माजघराची भिंत उभी राहिली तर पुढचं बोलू. पडली, तर विकून मोकळे होऊ." म्हणजे माझ्या हातात एकच वसंत होता.

मी ३४ वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, एवढंच आयुष्यभर पाहत आलो. त्या नजरेने घराकडे पाहिलं आणि कामांची आखणी सोपी झाली. जुन्या घराचे शत्रू पुष्कळ सांगतात, वाळवी, माकडं, रान, भाऊबंदकी. पण बाकीचे सगळे पाण्याच्या मागोमाग येतात. कौल सरकतं, पाणी गळतं, लाकूड ओलं राहतं, मग वाळवी येते आणि मग तुळई जाते. म्हणून पहिल्या वर्षाचं सूत्र मी ठरवलं ते असं, की आधी पाणी घराबाहेर काढायचं, माणसं आत आणण्याचं नंतर.

आखणीची पहिली पायरी म्हणजे तारीख, आणि ती शेवटाकडून मोजायची. आपण सवयीने म्हणतो, मृग ७-८ जूनला निघतो, तोवर वेळ आहे. हा हिशेब आता धोक्याचा आहे. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूच्या सुपारीच्या बागा आणि घरांची छपरं घेऊन गेलं. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर, तौक्ते वादळ कोकणाच्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. हे दोन दाखले समोर ठेवून मी शेवटची तारीख १५ मे धरली. होळी होती १३ मार्चला. म्हणजे मधे जेमतेम नऊ आठवडे. लोक हसले, एवढी घाई कशाला म्हणाले. पुढे त्या वर्षी २० मेपासूनच पाऊस कोसळायला लागला आणि २५ मे रोजी मॉन्सून तळकोकणात दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. वाडीतल्या दोन घरांवर तेव्हा कौलं उतरवून ठेवलेली होती. त्या घरांचे हाल मी पाहिले आहेत. तेव्हा श्रोतेहो, तुमची तारीख पंचांगातल्या तारखेच्या निदान तीन आठवडे अलीकडे ठेवा.

दुसरी पायरी यादीची. मी घराभोवती दोन दिवस फिरलो आणि दिसेल ते काम वहीत लिहिलं. ४१ कामं झाली. मग वहीच्या पानावर तीन रकाने पाडले, यंदा, पुढे आणि नको. प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारला. हे काम या पावसाआधी झालं नाही, तर होणारं नुकसान पुन्हा भरून येण्यासारखं आहे का? दारांना रंग नाही दिला तर काय बिघडेल? काहीच नाही. ते काम 'पुढे'. ओटीवर लादी बसवावी अशी पुण्याच्या वहिनींची इच्छा होती. मातीच्या जमिनीखालची ओल वर यायची थांबून भिंतीत शिरते, म्हणून ते काम 'नको'. आढ्याजवळची कौलं सरकली आहेत, ते 'यंदा'. असं करत करत 'यंदा' या रकान्यात ४१ पैकी नऊच कामं उरली. नऊ कामं म्हटल्यावर धीर आला. ओसाड घर माणसाला घाबरवतं ते सगळं एकदम दिसतं म्हणून.

तिसरी पायरी कागदांची, आणि ती शिमग्याच्या आधी. सातबारा, आठ-अ, ग्रामपंचायतीकडचा घराचा नमुना आठ, घरपट्टीच्या पावत्या आणि विजेचं बिल, एवढे कागद एका पिशवीत हवेत. कोकणातल्या जमिनींचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्याचा कृषक दिन ठरला, आणि त्यानंतर दोन पिढ्यांच्या वारसनोंदी कित्येक घरांत झालेल्याच नाहीत. आमच्याकडे दोन मयत माणसांची नावं तशीच होती. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला आणि अकराही जणांकडून एका कागदावर लिहून घेतलं, की दुरुस्ती केल्याने दुरुस्ती करणाऱ्याचा हक्क वाढणार नाही आणि केलेल्या खर्चाची वही सगळ्यांना पाहायला खुली राहील. हा कागद फार कामाला आला. सामायिक घरात कौल बदललं की भाऊबंदांना शंका येते, हा घर बळकावतो की काय. ती शंका आधीच मिटलेली बरी.

आता छपराकडे येऊ. आमचं घर साधारण शंभर चौरस मीटरचं, म्हणजे हजार-अकराशे चौरस फुटांचं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. शंभर चौरस मीटरवर तीन मीटर पाणी म्हणजे तीनशे घनमीटर, तीन लाख लिटर. दहा हजार लिटरचे तीस टँकर चार महिन्यांत घराच्या डोक्यावर रिकामे होतात. एखाद्या दिवशी शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका दिवसात एक टँकर. एवढं पाणी आपल्या अंगावरून वाहून न्यायचं काम ही मातीची कौलं करतात. बासेल मिशनच्या मंडळींनी १८६० च्या दशकात मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला, म्हणून ती मंगलोरी. एकमेकांत अडकणारी, हलकी आणि सुटी बदलता येणारी. आपल्याकडची जुनी नळ्यांची कौलं त्यांच्यापुढे मागे पडली ती याच गुणांमुळे.

छपराच्या कामात क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा वर झुकलेल्या फांद्या. फणसाची एक मोठी फांदी आमच्या आढ्यावर आली होती. तिचा पाचोळा कौलांच्या पन्हळीत कुजायचा, तिथे पाणी तुंबून मागे चढायचं आणि माकडांना तो रस्ताच झाला होता. फांदी आधी उतरवली, कारण कौलं नीट बसवून मग फांदी तोडली तर पुन्हा कौलं फुटणार. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या मालकीची असली, तरी १९६४ च्या कायद्याप्रमाणे ती तोडायला परवानगी लागते. तेव्हा तुळई बदलण्यासाठी घरचं झाड पाडायचा बेत असेल, तर अर्ज थंडीतच द्यायला हवा.

फांदीनंतर लाकूड. आढं, तुळया, वासे आणि रिपा एकेक करून ठोकून पाहायच्या. भरीव लाकडाचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेलं बद्द वाजतं. वाशाचं भिंतीत शिरणारं टोक विशेष पाहावं, कारण सडणं तिथूनच सुरू होतं. आमचे सात वासे आणि एक तुळईचं टोक गेलं होतं. बाकी लाकूड ठणठणीत होतं. नव्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावलं. कोकणात हे तेल लाकडाला आणि होड्यांना पूर्वापार लावत आले आहेत. ते कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून हातमोजे घालूनच लावावं.

मग कौलं. एका बाजूने सगळी उतरवायची, घासायची, तडा गेलेली वेगळी काढायची आणि पुन्हा लावायची. आमच्या घराला तीनशेच्या वर कौलं कमी पडली. जुन्या मापाची कौलं बाजारात मिळेनात. कारागीर म्हणाले, "भाऊ, गोठ्यावर आहेत की. घराचीच आहेत, बसतील बरोबर." गोठा तसाही अर्धा पडलेला. मी हो म्हणणार, तेवढ्यात शेजारच्या काकू खळ्यात आल्या. काकू आमच्या चुलत घराण्यातल्या, वय ७८. त्यांचं घर आमच्या घराला लागून. त्या म्हणाल्या, "गोठा मोडून घर राखतोस? उलटं आहे तुझं. गोठा भरलेला होता म्हणून हे घर उभं राहिलं."

त्यांचं म्हणणं खरं होतं. त्या गोठ्यातल्या दुधावर आणि शेणखतावर आमच्या आधीच्या दोन पिढ्या वाढल्या. मी त्यांना वहीतले तीन रकाने दाखवले. म्हटलं, "काकू, गोठ्याच्या भिंती जांभ्याच्या आहेत. एक पावसाळा उघड्या राहिल्या तरी टिकतील. माजघराची भिंत मातीची आहे, ती टिकणार नाही." काकूंनी वही पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "मग गोठा 'पुढे'त लिही. 'नको'त लिहू नकोस." मी त्यांच्यादेखत लिहिलं. गोठ्याची कौलं घरावर गेली आणि गोठ्याच्या भिंतींच्या माथ्यावर आम्ही माडाचे झाप बांधले. घर सावरताना प्रत्येक वेळी काहीतरी मागे ठेवावं लागतं. काय मागे ठेवतो आहोत ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, सांगून ठेवावं.

छपरावर पत्रे टाकण्याचा सल्लाही बऱ्याच जणांनी दिला. माकडांच्या त्रासाने गावोगाव कौलं जाऊन पत्रे येत आहेत आणि त्यात लोकांचा दोष नाही. दर महिन्याला फुटकी कौलं बदलायला घरात माणूस लागतं. आम्ही कौलंच ठेवली, कारण पत्र्याखाली मे महिन्यात त्या घरात बसवलं नसतं. पण नुसत्या जुन्याच्या हौसेने कौलांचा आग्रह धरू नये. वर्षाकाठी दोनदा छपरावर चढणारं माणूस मिळणार असेल तरच धरावा.

छपरावरून उतरलेलं पाणी जातं कुठे, हा पुढचा प्रश्न, आणि बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. वळचणीला पागोळ्या पडतात त्या जागी नऊ वर्षांचा पाचोळा आणि माती साचून जमीन वीतभर वर आली होती. त्यामुळे पाणी बाहेर जाण्याऐवजी जोत्याकडे यायचं. आम्ही ती माती खणून काढली, जोतं मोकळं केलं आणि घराभोवती चर खणून त्याला पाखाडीच्या बाजूला उतार दिला. चार माणसांचं सहा दिवसांचं काम. दिसायला काहीच नाही, खड्डा आणि चर. पण त्या पावसात भिंत वाचवण्यात छपराइतकाच या चराचा वाटा होता.

भिंतींबद्दल थोडं सांगतो. आपला जांभा दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागून टणक होत जातो. म्हणून तो कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासून चिऱ्यांत कापता येतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात फिरताना हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या ग्रंथात त्याला लॅटराइट हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वीट असा होतो. हा दगड सच्छिद्र. मातीची भिंतही तशीच. दोन्ही ओल शोषतात आणि उन्हात परत सोडतात. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला पूर्वी कधीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला होता. वरून टणक, पण ठोकलं तर मागे पोकळ. सिमेंटने ओल आत कोंडली आणि माती भुसभुशीत झाली. तो गिलावा आम्ही उतरवला, भिंत महिनाभर उन्हात वाळू दिली, खचलेल्या जागी मातीचा गारा भरला आणि वरून चुन्याचा गिलावा केला. कळीचा चुना पाण्यात विरवून जितका मुरवाल तितका चांगला. म्हणून आम्ही तो होळीच्या आठवड्यातच भिजत टाकला होता. वाळायला आणि मुरायला वेळ लागणारी कामं अशी आधी लावून ठेवली की बाकीची त्यांच्या पोटात बसतात.

विहिरीचं काम एप्रिलच्या शेवटी घेतलं, कारण तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं आणि गाळ काढणं सोपं जातं. इथे मी हात जोडून सांगतो. बरीच वर्षं न वापरलेल्या विहिरीत एकदम उतरू नका. कुजलेल्या पाल्यामुळे तळाशी प्राणवायू कमी झालेला असतो आणि विषारी वायू साचलेला असतो. एक माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. दिवा खाली सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. दिवा विझला तर उतरायचंच नाही. पण तो जळत राहिला म्हणजे धोका नाही असंही समजू नये. आधी पंपाने पाणी उपसून, पाला बाहेर ओढून विहीर मोकळी करावी. डिझेलचं इंजिन विहिरीत उतरवू नये, ते वरच ठेवावं. माणूस उतरेल तेव्हा त्याच्या कमरेला दोर असावा आणि वर ओढणारी दोन माणसं सतत हजर असावीत.

गाळ काढल्यावर पाणी भरू द्यायचं आणि मग टीसीएल पावडर टाकायची. चांगल्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. आमची विहीर तीन मीटर व्यासाची, पाणी दोन मीटर. म्हणजे साधारण चौदा हजार लिटर आणि पावडर ३५ ग्रॅम. बादलीत कालवून, चुन्याचा साका खाली बसू देऊन वरचं पाणी विहिरीत सोडायचं. रात्री टाकलं तर सकाळी पाणी वापरायला घेता येतं.

आता वाडी. बंद वाडीत पाऊल टाकताना पायात बूट, हातात काठी आणि जाड हातमोजे हवेत. आपल्या भागात फुरसं पुष्कळ, आणि पडक्या गडग्याचे दगड ही त्याची आवडती जागा. दगड उचलताना हात खाली घालायचा नाही, आधी काठीने उलटवायचा. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे नेण्यात वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठायचा.

वाडीतलं पहिलं काम लागवडीचं वाटतं, पण ते असतं वणव्याचं. फाल्गुन-चैत्रात गवत वाळतं, आजूबाजूला भाताच्या राबाची भाजणी चालते, एक ठिणगी उडाली की काजूची दहा वर्षांची झाडं तासाभरात जातात. म्हणून वाडीच्या हद्दीने दोन-तीन मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून, पाला झाडून स्वच्छ केला. त्यानंतर विहिरीची वाट आणि घराभोवतीची दहा पावलं. एवढंच. सगळी वाडी एकदम साफ करायला आम्ही यंत्र लावलं नाही. उतारावरचं रान एका दिवसात खरवडलं तर पहिल्या पावसात माती ओहोळाला जाते.

लागवडीपुरते दहा खड्डे मात्र खणून ठेवले. मे महिन्याच्या उन्हात खड्डे तापू द्यावेत आणि पावसाआधी माती, शेणखत, पालापाचोळा यांनी भरावेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती दिल्या आहेत. त्यांची कलमं आता सहज मिळतात. १९९० साली रोजगार हमी योजनेतून फळबागांची लागवड सुरू झाली आणि कोकणातले कित्येक उजाड डोंगर हिरवे झाले. त्या काळात लावलेल्या बागांपैकी ज्यांना पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी मिळालं त्या टिकल्या. म्हणून मी दहाच कलमं धरली. शंभर लावण्याचा उत्साह होता, पण उन्हाळ्यात आठवड्याला कळशीने पाणी घालणारी माणसं होती दोनच.

आणि आता माणसांकडे येतो. बंद घर लवकर का पडतं, याचा मी पुष्कळ विचार केला. चुलीचा धूर वर लाकडाला लागत असतो, त्याने कीड दूर राहते. रोज केर निघतो, म्हणून वाळवीची पहिली वाट दिसते. आठवड्याला जमीन सारवली जाते, म्हणून तडा सापडतो. पावसात कुणीतरी मध्यरात्री उठून गळतीखाली भांडं ठेवतं आणि सकाळी छपरावर चढून कौल सारखं करतं. ही कामं कुणी कामं म्हणून करत नाही, राहणारी माणसं ती सहज करतात. माणूस गेलं की ती सगळी एकदम थांबतात. तेव्हा दुरुस्तीच्या आखणीत पावसाळ्यात दार कोण उघडणार हे लिहिलेलं नसेल, तर ती आखणी अपुरी आहे.

आम्हांपैकी कुणी चार महिने तिथे राहणार नव्हतं. मार्ग काकूंनीच सुचवला. वाडीतल्या बायकांचा बचत गट आहे. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे फोडून आमसुलं करायला, फणसपोळी वाळवायला त्यांना स्वच्छ पडवी आणि खळं हवं होतं. आम्ही भाडं न घेता पडवी आणि ओटी दिली. बदल्यात आठवड्यातून दोनदा सगळं घर उघडायचं, केर काढायचा, ओटी सारवायची आणि गळती दिसली तर काकूंना सांगायचं. चावी काकूंकडे. १० मेला सगळं काम आटोपलं, त्या दिवशी खळ्यात आमसुलं वाळत होती आणि पडवीत बायकांच्या गप्पा चालू होत्या.

या सगळ्यावर झालेल्या खर्चातला निम्म्याहून अधिक भाग छपरावर गेला. रंग, लादी, न्हाणीघर यांवर एक रुपयाही गेला नाही. म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला घर तसंच जुनाट दिसत होतं. पुण्याच्या वहिनी फोटो बघून म्हणाल्या, "भावोजी, नक्की काय केलंत हो तुम्ही?" मी म्हटलं, "सप्टेंबरात सांगतो."

श्रोत्यांपैकी अनेकांची अशी घरं गावाला असतील. तुम्हाला नऊ आठवडे मिळतीलच असं नाही. शिमग्याला चार दिवस गेलात, तरी चार कामं करून या. छपरावरची फांदी उतरवा. सरकलेली कौलं सारखी करून घ्या. जोत्याला लागलेली माती काढून चर खणा. आणि एक चावी विश्वासाच्या माणसाकडे ठेवून दर आठवड्याला दार उघडण्याची व्यवस्था करा. घर तेवढ्याने नवं होत नाही, पण आणखी एक पावसाळा काढतं. कुटुंबात निर्णय व्हायला बहुधा तेवढाच वेळ हवा असतो.

आमचा निर्णय गणपतीत झाला. गणपती ठाण्यालाच होता, पण चतुर्थीनंतर सातजण गावाला आलो. माजघराची भिंत कोरडी होती. जागा विकायची की नाही यावर दोन तास वाद झाला आणि तो मिटला असं मी म्हणणार नाही. तीन वर्षं विक्रीचं बोलायचं नाही आणि ज्यांना पैशांची निकड आहे त्यांच्या हिश्श्याचं बाकीच्यांनी मिळून काहीतरी करायचं, एवढं ठरलं. मग वही उघडली. 'पुढे'च्या रकान्यातला गोठा दादाने स्वतःच्या हाताने 'यंदा'त घेतला.

उठताना काकूंनी आम्हाला माजघरात नेलं. पावसाळ्यात तीन ठिकाणी गळलं होतं. प्रत्येक जागेखाली भिंतीवर त्यांनी कोळशाने खूण केली होती आणि बाजूला तिथी लिहिली होती. पुढच्या वसंतातली छपराची कामं तिथेच लिहिलेली होती. ती वहीत उतरवून घेतली आणि आम्ही निघालो.